खांडीतली ओ

मोरखारचं खाजण
१९ नोव्हेंबर १९९५

जमुनाबाय,

अक्षर ओळखलं असशील तर फाडायच्या आधी एकदा वाच. मग फाड. सातवी सोडल्यापासून एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. चुका मितालीला काढायला सांग आणि मायलेकी हसा माझ्यावर. मी गेलो तेव्हा तुझी ही लेक भिंतीचा चुना खरवडून खायची, आता लिहायला-वाचायला लागली असेल.

काही मागायला लिहीत नाहीये, हे पहिल्यांदा सांगतो. दाजींनाही सांग.

इतकी वर्षं कुठे होतो विचारशील. वापीला ट्रकवर क्लीनर होतो. मग दमणला एका हॉटेलात, तिथे मालकाचा पोपट माझ्यावर खार खाऊन होता म्हणून सोडलं. मग एक माणूस भेटला, तो जत्रांतून नकली दात विकायचा. बाय, पेटीभर दात! गिऱ्हाईक आलं की एकेक कवळी तोंडात घालून बघायची. बसली तर घ्यायची, नाही बसली तर बादलीत खळबळून परत पेटीत. एका म्हातारीला बसली ती तिच्याच मेलेल्या नवऱ्याची निघाली, असं तो शपथेवर सांगायचा. त्याच्याबरोबर बरंच फिरलो.

मी हे कशाला सांगत होतो? हां. परत आलोय. तुझ्याकडे शिरवण्याला नाही, आपल्या मोरखारला.

मोरखार म्हणजे आता घरांची जोती आणि चिंच. विहिरीत चिंबोऱ्या आहेत. आपल्या ओट्यावर डंपरवाले बिड्या ओढत बसतात. सरकार इथून रस्ता नेतंय. पार टोकाला, बाबा डोल जाळं लावायला जायचे त्या खडपाच्या बाजूला, गॅसचा कारखाना उभा राहतोय. समुद्राखालून नळानं गॅस येणार, तिथे तो धुऊन-गाळून घेणार आणि पुढे पाठवणार. कारखान्याच्या टाक्या एकेका घराएवढ्या. त्या चिखलातून कशा न्यायच्या? म्हणून रस्ता. हे सगळं मला प्रसादसाहेबांनी सांगितलं. बांधकाम खात्यातले इंजिनियर आहेत, वयानं माझ्याहून थोडेच मोठे. नेरूळहून स्कूटरवर येतात आणि हेल्मेट डोक्याला न घालता त्यात जेवणाचा डबा ठेवतात. माझं काम सुपरवायझरसारखंच आहे.

आखणी कुठून गेलीय सांगू? बांधातलं पाणी सोडायच्या उघाडीच्या पुढून, थेट खांडीवरून. दर चार-पाच वर्षांनी समुद्र जिथून बांध फोडून आपल्या भातात शिरायचा, नेमकं तिथूनच. त्यावर चुन्याची सरळ पांढरी रेघ बघून मला हसू आलं. साहेबांना म्हटलं, इथे जमीन नाही, नुसतं तोंड आहे. ते म्हणाले, "मुरूम टाकू. किती खाईल?"

उत्तर पाठवलंस तर मुकादम जोतीराम यांच्या नावावर पाठव. नाही पाठवलंस तरी चालेल.

गाव उठलं त्या दिवशी तू टेम्पोत चढताना मला दोनच हाका मारल्यास. मी उघाडीच्या भिंतीमागे उभा होतो. तिसरीची वाट बघत होतो. ते मी विसरलेलो नाही, एवढंच.

धनेश


३ डिसेंबर १९९५

बाय,

उत्तर नाही. ठीक आहे. मुकादमाला रोज विचारतो तर तो म्हणतो, "कोण सासुरवाडीचं पत्र यायचं हाय व्हय?"

एक दुरुस्ती. सुपरवायझर वगैरे काही नाही. घमेली उचलतो. आमच्या टोळीत सगळे देशावरचे, माणदेशाकडचे. इथला असा मी एकटाच. माझ्या शेजारी सुंदराबाई असते, पन्नाशीची असेल, घमेलं डोक्यावर ठेवून वर तंबाखू मळते, एक खडा पडत नाही. तिला भरती-ओहोटी माहीत नव्हती. पहिल्या दिवशी पाणी मागे गेलं तेव्हा घाबरून म्हणाली, "आगं बया, कुणी उपसलं?"

तर मुरूम. साहेब म्हणाले होते किती खाईल. बाय, खातंय. दिवसभर डंपर रिकामे होतात, संध्याकाळी रोलर फिरवून सपाट करतो आणि सकाळी तिथे पुन्हा ताटलीसारखा खळगा. तळाशी थोडं खारं पाणी आणि त्यात एखादी निवटी मासळी डोळे वर काढून बसलेली. दगडी सोलिंग केलं, तेही गेलं. साहेब आता डबा पूर्ण खात नाहीत. टाक्या बंदरात येऊन पडल्यात, वरून रोज फोन येतो म्हणे.

आता तुला सांगायचं ते. सांगू की नको असं करत दोन दिवस घालवले.

ह्या चिखलाच्या खाजणात कोरडी सपाट जागा एकच, खांडीवरचा तो रोलर फिरवलेला तुकडा. म्हणून जोतीराम सकाळी तिथेच सगळ्यांना उभं करतो आणि हजेरी घेतो. नावं त्याला तोंडपाठ. मोठ्यानं ओरडतो, धुक्यात माणूस दिसत नाही म्हणून.

आठवतं ना बाय? खांड भरताना अख्खं गाव रांगेत उभं राहायचं, चिखलाची ढेपं हातोहात जायची आणि कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. "ए पुढचे", "ए हातवाले", "गो लुगडंवाले". नवराबायकोसुद्धा तसंच. मला वाटायचं खेळ आहे. एकदा मी बाबांना बाबा म्हणून हाक मारली तर आजीनं चिखलाच्या हातानं माझं तोंड दाबलं. तो चिखल गोड लागला होता, हे मी कुणाला बोललो नाही. खारा असायला हवा होता ना?

जोतीरामनं पहिले काही दिवस माझं नाव घेतलं की मी हात वर करायचो. परवा धुकं फार होतं.

"धनेश!"

मी हात वर केला.

"धनेश! जिता हाय का मेला?"

मी हात हलवला.

"हात बघून हजेरी धरत न्हाय मी. तोंडात काय बोळा कोंबलाय? आवाज काढ."

सुंदराबाई म्हणाली, "मुकादम, नवरीवानी लाजतंय त्ये."

सगळे हसले. बाकीचे "हाजीर" म्हणतात, कुणी "जी" म्हणतं. मला दोन्ही तोंडात येत नाही. गावच्या सवयीनं जे आलं ते आलं.

मी ओ दिली.

एवढंच. काही झालं नाही. हजेरी पुढे गेली. फक्त पायाखाली, अगदी तळव्याला, कुणी घोट गिळल्यासारखं वाटलं. मी बूट घालत नाही म्हणून वाटलं असेल.

धनेश


१७ जानेवारी १९९६

बाय,

तिळगूळ पोचला समज. मी पाठवलेला नाही, पण समज.

रस्ता बसला. म्हणजे टिकला. मी ओ दिली त्या दिवसानंतर खळगा पडलाच नाही. प्रसादसाहेबांनी त्यावरून भरलेला डंपर उभा-आडवा नेला, खाली उतरून नाचले आणि सगळ्यांना भजी दिली. "सेटल झालं रे धनेश! तुझं तोंड मिटलं शेवटी." ते खांडीला म्हणत होते, पण माझ्याकडे बघून म्हणाले.

तुला चांगदेवआजा आठवतो? मला त्याचे पायच आठवतात, बांधावर बसून खाली सोडलेले, काळे, मिठानं भेगाळलेले. आजी सांगायची, त्याच्या तरुणपणी मोठी खांड गेली होती. गाव भरायला उभं राहिलं. त्याची बायको जेवण घेऊन आली आणि पदर सावरत सरळ नावानं हाक मारली. त्यानं ओ दिली. खांड त्याच घडीला बुजली. माणसाला काही झालं नाही. पण पुढे जन्मभर तो खाजणाबाहेर गेला नाही. बाजाराला नाही, पोराच्या लग्नाला नाही. लोक आळशी म्हणायचे. कुणी हाक मारली की ओ बांधातून यायची आणि आजा नुसता बघत बसायचा.

हे सगळं खोटं असणार. पण ऐक.

हजेरीला जोतीराम माझं नाव घेतो आणि मी तोंड उघडायच्या आत ओ येते. माझ्याच आवाजात. धुक्यात मागे उभ्या माणसाला कळत नाही. सुंदराबाईला कळलं. तंबाखू मळता मळता म्हणाली, "तोंड मिटून कसा रं बोलतोस तू? आमच्या गावात बाहुल्यावाला यायचा, त्यो असंच करायचा." मी म्हटलं, मावशी, त्याच्याकडूनच शिकलो. ती हसली नाही. त्या दिवसापासून ती माझं नाव घेत नाही, "लेकरा" म्हणते. तिला कुणी सांगितलं नव्हतं, बरं का.

मागच्या रविवारी म्हटलं पनवेलला जाऊन सिनेमा बघू. सकाळी निघालो, सूर्य समोर, डाव्या हाताला खाडी, वाट पाठ आहे मला. चालता चालता एक बगळा लंगडत होता त्याच्यामागे थोडा गेलो. मग बघतो तर समोर रोलर. आपलाच, पिवळा, एक दिवा फुटलेला. हसलो. बगळ्यानं चकवलं म्हटलं. पुन्हा निघालो, ह्या वेळी कुणाकडे न बघता. पुन्हा रोलर. मग चकव्याला करतात तसं केलं. शर्ट काढला, उलटा घातला, खाली बसून दम घेतला, मगच उठलो. दुपारी टोळी भाकऱ्या खात बसली होती तिथे मी उलटा शर्ट घालून हजर. जोतीराम म्हणाला, "शिनुमा लई लौकर सुटला."

डंपरच्या टपावर बसूनही गेलो एकदा. वाटेत चाक फुटलं. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरला एकदम आठवलं की फावडं मागे राहिलं, वळवला.

ही पत्रं सुंदराबाई बाजाराच्या दिवशी पेटीत टाकते.

सुटायचं कसं तेही आजी सांगायची. घरच्या माणसानं येऊन बाहेरच्या अंगाला उभं राहायचं आणि तीन हाका मारायच्या. खाजणातलं जे काही असतं ते दोनच मारतं, तिसरी त्याला येत नाही. म्हणून आपण तिसरीलाच ओ द्यायची, त्याआधी जीव गेला तरी नाही. चांगदेवआजाला हाका मारायला कुणी आलंच नाही. बायको तोवर रागानं माहेरी गेली होती.

येत्या रविवारी सकाळी जमलं तर ये. मितालीला कारखाना दाखवायच्या निमित्तानं ये, चिमणीवर लाल दिवा लागलाय, छान दिसतो. मोठ्या रस्त्यानं उतरून मुरमाच्या रस्त्यानं सरळ चालत यायचं. रोलरच्या अलीकडे थांब. पुढे येऊ नकोस. आणि तीन मार.

धनेश


२१ जानेवारी १९९६, रविवार

जमुनाबाय,

आलीस. तुझा आवाज मी ढोलताशातही ओळखीन. धुकं होतं, तू दिसत नव्हतीस, मी रोलरच्या पलीकडच्या अंगाला लोखंडाला हात लावून उभा होतो.

एक मारलीस. मग दुसरी मारलीस.

मग नाहीच.

मी उभा राहिलो. लोखंड तापेपर्यंत उभा राहिलो. धुकं विरलं, समोर रस्ता मोकळा.

पुन्हा दोनच! तुला एवढी जड जाते का गं तिसरी? ह्या वेळी टेम्पोसुद्धा नव्हता. घसा दुखत होता का? आता मी लिहिणार नाही.


११ फेब्रुवारी १९९६

बाय,

तुझं कार्ड आलं. इतक्या वेळा वाचलं की घडीवर अक्षरं पुसली. तुझे शब्द तुलाच लिहितो, कारण त्यावरच सगळं आहे:

"धनेश, मी आले होते. सांगितलंस तिथे थांबून दोन हाका मारल्या. तिसरीला तोंड उघडलं तर तू ओ दिलीस. अगदी जवळून. मी म्हटलं आला. आला नाहीस. उन्हं चढेपर्यंत धुळीत बसले. मधे पुन्हा विचारलं, आहेस का? पुन्हा ओ दिलीस. एवढा राग आहे तर बोलावलंस कशाला माझी चेष्टा करायला? आणि गाव उठलं तेव्हा मी तीनच मारल्या होत्या. तिसरीला टेम्पो चालू झाला. आता मी येणार नाही. आई सांगते तसं लिहिलं आहे. मिताली."

बाय, ती ओ मी दिली नाही.

आईची शपथ घालत नाही, तू म्हणशील ह्याला शपथेचं काय. तू आठव. तुला बांध कळतो. भरतीच्या वेळी बांधाला कान लावून तू सांगायचीस, इथून गळतोय, आणि बापेमाणसं तिथेच खणायची. ती ओ कुठून आली? माझ्या उंचीवरून आली का खालून? आवाजाबरोबर चिखलाचा थंड वास आला की नाही? आठव आणि मग काय ते ठरव.

तिसरी हाक टेम्पोत बुडाली हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी गावोगावी सांगत फिरलो की माझ्या बहिणीनं दोनच मारल्या. त्या दातवाल्यालाही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मोज नीट, माणसं मोजण्यात चुकतात. असो.

आता मुद्द्याचं. मी उताणा पडून विचार केला. खांडीला माझं नाव कुठून मिळालं? जोतीरामच्या तोंडून. आणि जोतीरामला माहीत आहे ते शाळेतलं नाव. आईनं ठेवलेलं घरातलं नाव त्याला माहीत नाही. प्रसादसाहेबांना नाही, वापीत नाही, दमणमध्ये नाही. ते एकट्या तुझ्याकडे आहे. मी ते इथे लिहीत नाहीये, कागदावरही नको.

तू मला नेहमी त्याच नावानं हाक मारायचीस. धनेश कधी म्हणायचीस? चिडलीस की. भांडं फोडलं, शाळा बुडवली, तुझी कालवणाची वाटी मांजराला दिली की, "धनेश!" गाव उठलं त्या दिवशीही धनेश म्हणून मारल्यास. आणि त्या रविवारीही. म्हणून त्यानं चटकन उचललं. तू रागावलेली होतीस म्हणून त्याचं फावलं.

बाय, राग ठेवून आलीस तर उपयोग नाही. राग टाकून ये असं मी म्हणू शकत नाही, मला कळतं ते. पण तसं झालं तरच मी सुटतो.

शिमग्याच्या आधी इथे डांबर पडणार आहे. प्रसादसाहेब म्हणाले, "एकदा डांबर पडलं की खालचं खाली आणि वरचं वर." तो माणूस साधं बोलतो, पण मी लगेच हा कागद काढला.

खाली सही करत नाही. ते नाव आता जपून वापरायला हवं.


२५ फेब्रुवारी १९९६

बाय,

डांबराची पिपं आली. उद्या सुरुवात.

काल मी एकटाच असताना ओ म्हणून बघितलं. तोंड उघडलं, हवा आली, आवाज नाही. बाकी सगळं बोलता येतं. भाकरी दे म्हणता येतं, शिव्या देता येतात. ओ तेवढी येत नाही. मग खालून आली, जरा वेळानं, मी विचारलं होतं असं समजून.

कारखान्याची चिमणी पेटवली. दिवसासुद्धा ज्वाळा दिसते. भरती आली की खाजणातल्या पाण्याच्या प्रत्येक तुकड्यात एकेक ज्वाळा. सुंदराबाई म्हणाली, "खाली कुणीतरी चुली मांडल्यात."

ह्या कशाची भीती नाही वाटत. भीती एकाच गोष्टीची वाटते. काल डंपरवाला सांगत होता की गोव्याकडे बोटीवर माणसं हवी आहेत, जेवण-खाण, वर पगार. पूर्वी मी ऐकता ऐकता चप्पल घातली असती. मी ऐकलं आणि म्हटलं, बरं. आणि बांधाच्या कडेला जाऊन बसलो, पाय खाली सोडून. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. खूप बरं वाटत होतं. मग माझे पाय दिसले, काळे, भेगाळलेले.

उद्या सकाळी ये. मी मागायला लिहीत नाही असं पहिल्या पत्रात म्हटलं होतं. मागतोय.

सुंदराबाईनं आज खाडा केलाय. हे पत्र ती शिरवण्यात स्वतः तुझ्या हातात देईल.


खोपोली, ढाब्यावरून
२४ नोव्हेंबर १९९६

बाय,

तुझ्याकडे राहिलो तेवढे दिवस तू काही विचारलं नाहीस आणि मीही बोललो नाही. मिताली सारखी म्हणायची, मामा, बोल ना काहीतरी. दाजींनी तर मला गणपतीसारखं पाटावर बसवून जेवायला घातलं. पुन्हा निघालो तेव्हा तू दारात आलीस पण मागून हाक मारली नाहीस. त्याबद्दल तुझे पाय धरायला हवे होते. मी टाटा केला. गाढवच मी.

त्या सकाळचं माझ्या बाजूचं सांगून टाकतो, मनात राहायला नको.

डांबर उकळत होतं. धूर आणि धुकं एक झालं होतं. जोतीरामची हजेरी चालू होती. त्यानं धनेश म्हटलं, खालून ओ आली, तो पुढच्या नावावर गेला. मी रोलरला टेकून उभा होतो आणि खरं सांगतो, तुझी वाट बघणंही सुटत चाललं होतं. मग तुझा आवाज आला, ते नाव घेऊन.

रस्ता गप्प बसला बाय. तुला ऐकू आलं नसेल, पण सकाळपासून खाली जे बुडबुड चालू होतं ते थांबलं. कुणीतरी कान लावून ऐकतंय आणि कळत नाहीये, तसं.

दुसरी मारलीस. मी तोंडावर हात दाबून धरला, आजीनं दाबला होता तसा. खालून काही आलं नाही.

आणि मग तिसरी. तिसरीत तुझा आवाज फाटला. "ये रं घरी. निवट्यांचं कालवन केलंय, निवतंय."

माझी ओ निघाली. बारीक, फाटकी, पण माझ्या तोंडातून निघाली, ओठांना कळली. मी चाललो. बघितलं नाही कुठे. एका कडेला पांढरा बगळा उभा होता, त्याच्याकडेही बघितलं नाही, विचार कर. तुझ्या लुगड्याचा काठ हातात आला तेव्हा डोळे उघडले. तू म्हणालीस, "किती रोडावलास," आणि पाठीत एक धपाटा घातलास. माझ्यामागे डांबर ओतल्याचा आवाज आला.

आता हे पत्र का, ते सांगतो.

मी सध्या ट्रेलरवर आहे. नाव सांगायची वेळ आली की ड्रायव्हरच्या तोंडी बसेल असं काहीतरी सांगतो, दर गाडीला वेगळं. काल माल कुठला निघाला? त्याच कारखान्याचा. लोखंडी नळ, ट्रेलरभर. उतरून जावं असं वाटलं. मग म्हटलं, बघू.

रस्ता झकास झालाय. काळा, गुळगुळीत, दोन्ही कडेला पांढरे पट्टे. खांडीजवळ त्यांनी थोडं वळण दिलंय आणि वळणावर एक टपरी झालीय. जोतीराम तिथे चहा पीत उभा होता. आता रस्त्याच्या देखभालीवर ठेवलंय त्याला. जाड झालाय. गाडी वळणावर हळू झाली, त्यानं वर बघितलं, मला ओळखलं आणि दोन्ही हात वर करून आनंदानं ओरडला,

"धनेश!"

एकदाच. मी समोर बघत राहिलो. ओ द्यायची नाही हे मला कुणी सांगायला नको होतं.

ओ आली. गाडीच्या खालून, चाकांच्या मधून. बाय, माझाच आवाज, पण मी इतका भरून कधी बोललोच नसेन. रुसवा नव्हता त्यात. अंगणात बसलेल्या माणसाला शेजाऱ्यानं हाक मारावी आणि त्यानं बसल्या जागेवरून ओ द्यावी, तसा. घरी असलेल्या माणसाचा.

जोतीरामनं समाधानानं मान हलवली आणि पुन्हा चहाकडे वळला. त्याला ओ मिळाली होती.

ड्रायव्हरनं विचारलं, "कोण रे धनेश?" मी म्हटलं, इथलाच आहे एक. मोरखारचा. गाव उठलं तेव्हा गेला नाही.

मितालीला सांग, मामाला पत्र लिहायचं झालं तर वर काही लिहू नकोस, सरळ मजकुराला सुरुवात कर. तिच्या लग्नपत्रिकेत मामांच्या यादीत माझी जागा कोरी सोड. आणि कधी त्या वाटेनं जायची वेळ आली, आणि माझी आठवण आली, तर ते शाळेतलं नाव मनातसुद्धा घेऊ नकोस. दुसरं घे. चिडली असलीस तरी दुसरंच घे.

तुझा,